जमशेटजी टाटा आणि नागपूरच्या चात्या

नागपूर : गांधीसागर तलावाला शहरातील जुनी मंडळी शुक्रवारी तलाव म्हणतात, त्याहून जुन्या नोंदींत त्याचे नाव जुम्मा तलाव असे आढळते. या तलावालगत दीडशे वर्षांपूर्वी दलदलीची, सखल जमीन होती. पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि उन्हाळ्यात चिखल भेगाळे. मुंबईहून आलेला पस्तिशीतला एक पारशी व्यापारी ही जमीन भोसले राजघराण्याकडून विकत घेऊन तिच्यात गाडीगाडीने माती ओततो आहे, हे पाहून गावातल्या शहाण्यासुरत्यांनी मान हलवली होती. एका मारवाडी सावकाराकडे भागभांडवलासाठी विचारणा झाली, तेव्हा जो माणूस खड्ड्यात सोने घालून तो बुजवतो आहे त्याला आपण पैसे देणार नाही, असे त्याने साफ सांगितले. पुढे त्याच सावकाराने आपली चूक मान्य केली. त्या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले, अशी त्याची कबुली सांगितली जाते.

तो व्यापारी म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा. जमशेदपूरचा पोलाद कारखाना, मुंबईचे ताजमहाल हॉटेल, बंगळुरूची विज्ञानसंस्था आणि पश्चिम घाटातील जलविद्युत या चार गोष्टींसाठी त्यांचे नाव घेतले जाते. त्यांपैकी ताज तेवढे त्यांच्या हयातीत, १९०३ साली, उभे राहिले. बाकी तिन्ही गोष्टी त्यांच्या पश्चात पुऱ्या झाल्या. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खर्ची पडली ती मात्र सुताच्या गिरण्यांत. बिघडणारी, कुरकुरणारी, तेल पिणारी यंत्रे सुधारण्यात आणि ती सुधारण्याजोगी नसतील तर मोडीत काढण्यात ही वर्षे गेली. त्यांच्या चरित्राचा हा भाग नागपुरात घडला आणि नागपूरकरांनाच तो सर्वांत कमी ठाऊक आहे.

तेलगिरणीपासून सुरुवात

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारीचा. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी हे पौरोहित्य सोडून व्यापारात शिरलेले. मुलाने मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८५८ साली ते पूर्ण करून तो वडिलांच्या पेढीत रुजू झाला. चीनच्या व्यापारासाठी हाँगकाँग आणि पुढे कापसाच्या व्यवहारासाठी लंडन, असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि भाव एका झटक्यात कोसळले. लंडनला पोहोचलेल्या तरुण जमशेटजींच्या हातातील हुंड्या रद्दी झाल्या. देणेकऱ्यांपुढे उभे राहून त्यांनी परिस्थिती जशीच्या तशी मांडली आणि हळूहळू देणी फेडण्याची सवलत मिळवली. पैसा गेला, पत राहिली. १८६८ साली २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली.

लगेच पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी घेतली, तिची सूतगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोनेक वर्षांत नफा घेऊन ती विकून टाकली. ज्याच्या पुढच्या आयुष्यात यंत्रांच्या वंगणाचा हिशेब सतत डोके वर काढणार होता, त्याच्या उद्योगाचा आरंभ तेलाच्या घाण्यावर व्हावा, हा योगायोग गमतीदार खरा.

गिरणी विकल्यावर ते इंग्लंडला गेले आणि लँकेशायर परगण्यातील कापडधंदा त्यांनी बारकाईने पाहिला. परतताना त्यांच्या मनात एक हिशेब पक्का झाला होता. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत होती. कापूस मात्र वऱ्हाड-नागपुराकडून तेथे जात होता आणि तयार माल पुन्हा देशात परतत होता. दोन वेळच्या रेल्वेभाड्याचा हा भुर्दंड वाचवायचा तर गिरणी कापसाच्या दारात हवी. जबलपूरजवळ नर्मदेच्या पाण्याचा उपयोग होईल अशी एक जागा त्यांना पसंत होती. पण तेथे एका साधूचे वास्तव्य होते आणि लोक त्याला हलवू देईनात. तो बेत सुटला. नागपूरला १८६७ पासून रेल्वे होती, भोवती कापूस होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि कोष्ट्यांच्या रूपाने सुताचे गिऱ्हाईक व विणकामाची परंपरा होती. मुंबईच्या व्यापारी वर्तुळाने त्यांना वेड्यात काढले. त्या वेळी मुंबई सोडून गिरणी काढणारे फार थोडे होते.

स्वस्त यंत्रांची महागाई

सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाने स्थापन झाली. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. त्या वेळी गिरणीत १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. उभारणीची तांत्रिक जबाबदारी जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराकडे होती. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. बेझनजी जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक विभागातले. सुताचा धागा कसा कातला जातो याची त्यांना काडीचीही माहिती नव्हती. ही निवड त्या काळी विचित्र वाटली असणार. पण मालाची आवक-जावक, माणसांची हजेरी आणि हिशेबाची शिस्त या गोष्टी त्यांच्या अंगात भिनलेल्या होत्या. यंत्रांचे ज्ञान विकत घेता येते, शिस्त विकत मिळत नाही, असा विचार मालकाने केला असावा.

पहिली काही वर्षे वाईट गेली. खर्चात बचत करण्यासाठी जमशेटजींनी यंत्रे हलक्या प्रतीची घेतली होती आणि ही चूक त्यांची स्वतःची होती. हलक्या यंत्राची खोड अशी की ते पहिल्या दिवशी चांगल्या यंत्रासारखेच चालते. दोष दिसतो तो महिन्यांनंतर. दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ते झिजून लांबट होते, दांडा हेलकावे घेऊ लागतो, दातेरी चाकांचे दाते एकमेकांत नेमके न बसता एकमेकांवर आदळू लागतात आणि आवाज सुरू होतो. या आवाजाचे मूळ शोधणे हे गिरणीतील दुरुस्तीचे अर्धे काम. तेल घालून आवाज थांबला तर ती वंगणाची उणीव. तेल घातल्यावर तासाभराने तो परतला तर धातू झिजला असे समजावे. झिजलेल्या जागी कितीही तेल ओतले तरी ते खाली गळते. यंत्र दुरुस्त होत नाही.

नागपूरच्या हवेने या दुखण्यात भर घातली. मे महिन्यात येथील कोरडी हवा कापसाचा तंतू ठिसूळ करते, धागा वारंवार तुटतो आणि तंतूंवर विद्युत्भार साचून ते एकमेकांपासून पांगतात. कातणखात्यात कापसाची तूस सतत उडत असते. ती तेलावर बसते, तेलाचा चिकट लगदा होतो आणि जे तेल घर्षण कमी करण्यासाठी घातले तेच चात्यांना अडवू लागते. जादा तेल घालावे तर ते सुतावर उडून डाग पडतात आणि बाजारात माल नाकारला जातो. शिवाय तेलात भिजलेली तूस पेट घ्यायला टपलेली. कमी घालावे तर बेअरिंग तापते. तेलाची जातही तितकीच महत्त्वाची. एरंडेल आपल्याकडे मुबलक आणि जड दांड्यांना उत्तम. पण झपाट्याने फिरणाऱ्या हलक्या चातीला इतके दाट तेल चालत नाही. तीस हजार चात्यांपैकी प्रत्येकीला दाट तेलाने किंचित जरी ओढून धरले, तरी त्या सगळ्यांचा मिळून भार बॉयलरखालच्या कोळशावर पडतो. वंगणाची चूक अशी थेट कोळशाच्या बिलात उतरते.

जमशेटजींपुढे दोन वाटा होत्या. आहे त्या यंत्रांची डागडुजी करत रेटायचे किंवा नुकतेच घेतलेले सामान काढून टाकून पुन्हा भांडवल घालायचे. भागधारक नाराज, शेअरचा भाव खाली आणि मुंबईतले टीकाकार आपले भाकीत खरे ठरण्याची वाट पाहत बसलेले. अशा वेळी बहुतेक मालक पहिली वाट धरतात. जमशेटजींनी हलकी यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलून चांगली आणवली. लँकेशायरमध्येही सर्वत्र रुळली नव्हती अशी आर्द्रता राखणारी यंत्रणा आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे त्यांनी गिरणीत बसवले. हवेत ओल आली तशी धाग्याची तूट कमी झाली, तूस जमिनीवर बसू लागली आणि यंत्रांत कमी गेली.

गाणारी चाती आणि फिरणारे कडे

यानंतरचा प्रसंग जमशेटजींच्या यंत्रदृष्टीची खरी परीक्षा घेणारा होता. तो समजण्यासाठी त्या काळच्या कातणयंत्रांची थोडी ओळख हवी.

म्यूल हे यंत्र सूत कातताना पुढे सरकते आणि गुंडाळताना मागे येते; म्हणजे अर्धाच वेळ कातते. त्यावरचा माणूस मुरलेला लागतो. त्याचे सूत तलम आणि मऊ असते. थ्रॉसल हे अखंड कातणारे यंत्र. त्याच्या प्रत्येक चातीवर उलट्या इंग्रजी यू अक्षरासारखा दोन पायांचा लोखंडी फ्लायर बसवलेला असतो आणि तो बॉबिनभोवती गरगरा फिरून धाग्याला पीळ देतो. थ्रॉसल हा इंग्रजीत एका गाणाऱ्या पक्ष्याचाही शब्द आहे. या यंत्राच्या सततच्या गुणगुणण्यामुळे त्याला पक्ष्याचे नाव मिळाले, असे सांगतात. पण या गाण्याची किंमत मोजावी लागे. वेग वाढवला की फ्लायरचे पाय फाकू लागतात, चाती थरथरते, गुणगुण्याचा खडखडाट होतो आणि धागा तुटतो. वेगाला तेथे मर्यादा पडते.

अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ मध्ये यावर एक वेगळा तोडगा काढला होता. फ्लायरच काढून टाकायचा. बॉबिनभोवती पोलादाचे एक स्थिर कडे ठेवायचे आणि त्या कड्याच्या काठावर तारेची एक लहानशी वळी अडकवायची. धागा या वळीतून जातो आणि फिरणारी बॉबिन त्याच्यामार्फत वळीला कड्यावरून ओढत नेते. जड लोखंडाऐवजी फिरते ते एवढेसे तारेचे तुकडे. यालाच पुढे रिंग म्हणू लागले आणि त्या वळीला ट्रॅव्हलर. गंमत म्हणजे कड्यावरून घासत धावणाऱ्या या ट्रॅव्हलरला तेल घालत नाहीत; धाग्यातून निसटलेले कापसाचे सूक्ष्म तंतूच तेथे वंगणाचे काम करतात. नवे कडे बसवले की सुरुवातीला ते खरखरते, ट्रॅव्हलर लवकर झिजतात आणि मग हळूहळू ते कडे गुळगुळीत होत जाते. कामगार त्याला कडे मुरणे म्हणोत की आणखी काही. घाईने पूर्ण वेग दिला तर कडे कायमचे बिघडते.

तरीही रिंगचा प्रसार अनेक दशके रखडला, कारण दोष चातीत होता. बॉबिनवर सूत कधीच चहूबाजूंनी सारखे बसत नाही. असा असमतोल भार घेऊन मिनिटाला हजारो फेरे करणारी चाती ताठ बेअरिंगमध्ये धरून ठेवली, की ती हादरते आणि बेअरिंग खाऊन टाकते. १८७० च्या दशकात अमेरिकेत सॉयर आणि त्यानंतर रॅबेथ यांनी चातीची बैठकच बदलली. रॅबेथच्या रचनेत चातीचा खालचा भाग तेलाने भरलेल्या एका बंद कपात असतो आणि तिला धरणारी नळी किंचित सैल असते. त्यामुळे असमतोल चाती आपला मध्य आपण शोधते, तेल तिला भोवतीने उचलून धरते आणि हादरे त्या तेलातच विरतात. रोज थेंब थेंब तेल घालत फिरण्याची गरज उरली नाही. कपातले तेल ठरावीक मुदतीने काढून, कप धुऊन, नवे भरले की झाले. आवाज गेला, वेग वाढला, तेल वाचले. आजची बंद गिअरपेटी याच तत्त्वावर चालते. तेल आत कोंडायचे, धूळ बाहेर ठेवायची आणि तेल काळे होण्याआधी ते बदलायचे.

लँकेशायरने या शोधाकडे दुर्लक्ष केले. त्यांच्याकडे म्यूलवर पिढ्यान्पिढ्या काम केलेले कुशल कारागीर होते आणि त्यांची बाजारपेठ तलम सुताची होती. त्यांचे कारण त्यांच्यापुरते खरे होते. नागपूरची स्थिती अगदी उलट. वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा, सूत जाडेभरडे, कामगार या धंद्यात नवे. जे यंत्र विलायतेला नको होते ते येथे हवे होते, हे जमशेटजींनी ओळखले. १८८३ साली त्यांनी दोन रिंग यंत्रे मागवून त्यांची चाचणी घेतली. बेझनजींनी ती दोन वर्षे चालवून, वेग बदलून, सुताची मोजदाद करून पाहिली. चाचणी यशस्वी झाली तेव्हा अधिक यंत्रांची मागणी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कारखान्याकडे गेली. त्या कारखान्याला या यंत्रात भवितव्य दिसत नव्हते. त्याने ती देण्याचे नाकारले. जमशेटजींनी मग ब्रुक्स अँड डॉक्सी या दुसऱ्या कारखान्याकडून ती घेतली आणि थ्रॉसलच्या रांगा मोडीत निघाल्या. जपानच्या गिरण्या म्यूल सोडून रिंगकडे वळल्या त्या १८८० च्या दशकाच्या अखेरीस. लँकेशायरमध्ये विसाव्या शतकातही म्यूल चालत राहिले. नागपूरची ही आघाडी इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते, तीही क्वचित.

यंत्रामागची माणसे

चांगले यंत्र आणले, पण ते रोज पुसणारा आणि तेल घालणारा माणूस कामावरच आला नाही तर? एम्प्रेस मिलपुढे हा प्रश्न मोठा होता. आसपासच्या खेड्यांतून आणि शहरातील कोष्टी, महार वस्त्यांतून आलेला कामगार गिरणीच्या वेळापत्रकाला सरावलेला नव्हता. पेरणी आली, लग्न आले, की चार-आठ दिवस दांडी. आज एक, उद्या दुसरा, अशा हातांत जाणारे यंत्र कोणाचेच नसते. त्याची कुरकुर ऐकून ओळखणारा कान तयार होत नाही.

दंडाची भाषा त्या काळी सर्वत्र होती. जमशेटजींनी आणि बेझनजींनी नियमित हजेरीला बक्षिसे ठेवली. वर्षातून एकदा सहकुटुंब समारंभ भरवून घड्याळे, दागिने, कापड आणि रोख रक्कम दिली जाई. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून कामावर इजा झालेल्यांना नुकसानभरपाई मिळू लागली. भारतात अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी. यात दया किती आणि व्यवहार किती, हा वाद घालता येईल. उघड्या पट्ट्यांच्या आणि उघड्या दातेरी चाकांच्या त्या काळात, यंत्र चालू असतानाच वाकून तेल घालण्याची पद्धत सर्रास होती आणि बोटे, हात जात. अशा कामगाराच्या घरी पैसे पोहोचत होते ही वस्तुस्थिती त्या वादाने बदलत नाही. अर्थात गिरणीतील दिवस लांबच होता, हवा तुशीची होती आणि वेतन कमी होते. बक्षिसांच्या समारंभाने हे झाकण्याचे कारण नाही.

पदवीधर तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन खात्याखात्यांतून शिकवण्याची पद्धतही याच गिरणीत रुजली. बेझनजी पुढे सर बेझनजी झाले. मालडब्यांचा हिशेब ठेवणारा माणूस देशातल्या उत्तम गिरणीव्यवस्थापकांत गणला गेला, हे एम्प्रेस मिलचे सर्वांत चांगले उत्पादन म्हणावे लागेल.

कुर्ल्याचा पांढरा हत्ती

यंत्रांच्या दुरुस्तीने जमशेटजींना जवळजवळ बुडवले ते १८८६ मध्ये. मुंबईजवळ कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात निघाली. उभारणीला अर्ध्या कोटीहून अधिक खर्च झालेली ही गिरणी साडेबारा लाखांत मिळत होती. जमशेटजींनी ती घेतली आणि तिचे नाव ठेवले स्वदेशी. वंगभंगाच्या चळवळीने हा शब्द घराघरांत पोहोचवला त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची ही गोष्ट.

सौदा स्वस्त होता. नागपुरात स्वस्त यंत्रांचे चटके बसलेल्या माणसाने पुन्हा स्वस्ताईला भुलावे, हे आज वाचताना नवल वाटते. आत जाऊन पाहिले तेव्हा यंत्रे जुनाट, झिजलेली आणि वर्षानुवर्षे हेळसांड झालेली निघाली. सूत निकृष्ट निघू लागले, विकलेला माल परत येऊ लागला, शेअरचा भाव घसरला आणि टाटांच्या नावावर भरवसा ठेवून पैसे घातलेले लोक घाबरले. बाजारात टाटांची पत पहिल्यांदाच डळमळली. बँकेने हात आखडता घेतला. सावध माणसाने येथे गिरणी गुंडाळली असती आणि त्याला कोणी दोष दिला नसता.

जमशेटजींनी एम्प्रेस मिलमधील आपले काही शेअर विकले. मेहनतीने उभे केलेले, नफा देणारे शेअर विकून तो पैसा तोट्यातल्या गिरणीत ओतणे हा हिशेबी माणसाला न पटणारा निर्णय. पण डाव शेअरचा नसून नावाचा होता. पैशांबरोबर नागपूरची अनुभवी माणसेही कुर्ल्याला गेली. काय दुरुस्त होईल आणि काय मोडीत घालावे लागेल हे ठरवण्याचे शिक्षण त्यांना एम्प्रेस मिलने आधीच दिले होते. भंगार बाहेर निघाले, रिंग यंत्रे आत आली. काही वर्षांनी स्वदेशीच्या सुताला चीनच्या बाजारात मागणी येऊ लागली. हेच सूत पूर्वेकडे नेण्याच्या जहाजभाड्यावरून १८९३ च्या सुमारास बलाढ्य पी अँड ओ कंपनीशी जमशेटजींचा झगडा झाला. जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची जहाजे चालवून पाहिली आणि त्या झगड्यात ते हरले. तो विषय वेगळा.

चांद्याचे लोखंड

गिरणीचा प्रत्येक सुटा भाग, प्रत्येक दातेरी चाक आणि चाती विलायतेहून येई. मोडलेल्या चाकासाठी जहाजाची वाट पाहणाऱ्या माणसाला लोखंड आपल्याकडे का होत नाही, हा प्रश्न पडला नसता तरच आश्चर्य. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला निरुपयोगी ठरला. सरकारी नियमही खाणकामाला प्रतिकूल होते. सतरा वर्षे हा विषय त्यांनी मनात ठेवला. १८९९ नंतर नियम सैल झाले तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. तरीही १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, तेथील पोलाद कारखाने हिंडून पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला भारतात येण्यास राजी केले.

प्रकृती साथ देत नव्हती. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे त्यांची कबर आहे.

लोखंडाच्या शोधात पुढचे वळण पुन्हा नागपुरातच आले. चांदा जिल्ह्याचा बेत सोडून देण्याचे सांगण्यासाठी त्यांचे पुत्र दोराबजी मध्य प्रांताच्या सचिवालयात आले होते. भेटायचे अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे संग्रहालय. तेथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोहखनिजाची दाट खूण दिसत होती. शोधपथक तिकडे वळले आणि दल्ली-राजहराच्या डोंगरांत विपुल लोखंड सापडले. याच सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती कळवली आणि कारखाना अखेर साकची येथे गेला. कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली, पोलाद १९१२ मध्ये निघाले आणि १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले. दल्ली-राजहराचे लोखंड पुढे स्वतंत्र भारतात भिलाईच्या कारखान्याला मिळाले.

एम्प्रेस मिलचा विस्तार होत ती पाच गिरण्यांची झाली. तिच्या भोंग्यावर नागपूरच्या अनेक वस्त्यांचा दिवस सुरू होई आणि संपे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे पुन्हा जुनी झाली. या वेळी ती मोडीत काढून नवी आणणारा कोणी पुढे आला नाही. १९८६ मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. माती टाकून भरलेल्या त्या जमिनीवर नंतर एक मॉल आणि निवासी इमारती उभ्या राहिल्या. एम्प्रेस हे नाव तेवढे त्या मॉलला मिळाले.